टोनेटच्या १४ नंबरच्या खुर्चीचं श्रेय नक्की कशाला?

टिपणवही

डिझाइनमध्ये नाव काढलेल्या कंपन्या कुठून कशा सुरू झाल्या, यावर एक लेख लिहायला घेतलाय. मिखाएल टोनेटपाशी गाडी अडली आहे. जिथे वाचावं तिथे तीच गोष्ट: गरीब सुतार, लाकूड वाकवायची युक्ती सापडली, एका बड्या माणसाची नजर गेली, तो व्हिएन्नाला गेला आणि पुढे कॅफेकॅफेत त्याच्या खुर्च्या. मला हे फार गुळगुळीत वाटतं. व्हिएन्नातला परवाना (पेटंटसारखा एकाधिकार) १८४२ चा आणि ती गाजलेली १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. मधली १७ वर्षं हा गृहस्थ काय करत होता? दुसरं म्हणजे, लाकूड वाफवून वाकवणं बोटी बांधणाऱ्यांना आणि चाकं करणाऱ्यांना आधीपासून येतच होतं. मग यात नवीन काय? आणि जाता जाता, मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांत दिसतात त्या खुर्च्या टोनेटच्याच का? ओळखायच्या कशा? जाणकारांनी जरा खोलात जाऊन सांगावं. "छान माहिती" असे प्रतिसाद नकोत.

सरसकट

आधी ते "गरीब सुतार" खोडा. टोनेटचा जन्म १७९६ चा, ऱ्हाईनकाठच्या बोप्पार्ड गावातला. वडील कातडी कमावायचे. १८१९ मध्ये त्याने स्वतःचं सुतारकामाचं दुकान काढलं आणि ते चाललंही. पैशाची ओढाताण आली ती नंतर, त्याच्या प्रयोगांपायी.

१८३० नंतर तो काय करत होता ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लेखांत इथेच घोळ होतो. तेव्हा तो अख्खं लाकूड वाकवत नव्हता. लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडी करायची, ती गरम सरसात उकळायची आणि मऊ असतानाच साच्यात दाबून वळण द्यायचं. सरस आळला की आकार पक्का. कोरून काढलेल्या वळणात लाकडाचे तंतू मधेच कापले जातात, म्हणून तो भाग जाड ठेवावा लागतो आणि लाकूडही वाया जातं. पट्ट्यांमध्ये तंतू वळणाबरोबर वळतात, म्हणून बारीक भागही भार घेतो. सरस इतका लागायचा की १८३७ मध्ये त्याने सरस बनवणारी एक गिरणीच घेतली.

मग पेटंटांची खटपट. प्रशियात (बोप्पार्ड तेव्हा त्याच राज्यात होतं) अर्ज फेटाळला गेला, बाहेरच्या देशांत हातपाय मारताना कर्ज वाढलं. १८४१ मध्ये कोब्लेन्झच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख याने त्याच्या खुर्च्या पाहिल्या आणि व्हिएन्नाला बोलावलं. मेटरनिख मूळचा कोब्लेन्झचाच. जुलै १८४२ मध्ये व्हिएन्नात परवाना मिळाला, पण तिकडे बोप्पार्डमध्ये सावकारांनी मालमत्तेवर टाच आणली आणि अख्खं बिऱ्हाड व्हिएन्नाला आलं. तुम्ही विचारलेल्या १७ वर्षांतली पहिली सात अशी गेली: दुसऱ्याच्या हाताखाली. कार्ल लाइस्टलर नावाच्या फर्निचरवाल्यासाठी बापलेक काम करत होते. लिख्टेनश्टाइन राजवाड्याची लाकडी जमीन आणि खुर्च्या हे त्यातलं मोठं काम. राजपुरुषाची नजर गेली हे खरं, पण त्या नजरेने पोटापाण्याची सोय झाली, कारखाना झाला नाही.

१८४९ मध्ये त्याने पुन्हा स्वतःचं दुकान मांडलं. त्या सुमारास व्हिएन्नातल्या कॅफे डाउमला खुर्च्या दिल्या, कंपनीच्या यादीतला तो ४ नंबर. सार्वजनिक जागेला लागणारा माल म्हणजे काय, हे इथे कळलं: दिवसभर सरकवली जाणारी, हलकी, पुसायला सोपी, मोडली तर तशीच दुसरी मिळणारी खुर्ची. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कांस्यपदक, १८५३ मध्ये कंपनी पाच मुलांच्या नावे (म्हणून "गेब्र्यूडर टोनेट", टोनेट बंधू). आणि १८५६ मध्ये अख्खं लाकूड वाकवण्याचा परवाना. खरी उडी ही.

उडी का मारावी लागली? माल समुद्रापार जायला लागला, दमट हवेत सरस ओल धरून मऊ पडू लागला आणि पट्ट्या सुटू लागल्या. पावसाळ्यात सरसाचा जोड काय करतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

वाफारा

सरसकट यांनी काळ लावून दिलाय, मी वाकवण्याचं बघतो. "बोटी बांधणाऱ्यांना येतच होतं" हे बरोबर. पण बोटीच्या फळीचं वळण मोठं असतं. खुर्चीच्या बैठकीचं कडं म्हणजे जेमतेम २० सेंटिमीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ. फरक आकड्यांत पाहा.

२५ मिलिमीटर जाडीची कांडी घ्या आणि मध्यरेषा २०० मिलिमीटर त्रिज्येवर येईल अशी वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. दोन्हीकडचा फरक १२.५ भागिले २००, म्हणजे सव्वासहा टक्के. वाफवलेलं लाकूड दाबाला भलतंच सोशिक असतं, बीचसारखं (हे युरोपातलं एक झाड) चांगलं लाकूड पाव हिश्श्यापर्यंत दबतं. पण ताणाला ते दीड-दोन टक्क्यांतच जीव सोडतं, वाफ कितीही द्या. म्हणजे ही कांडी नुसत्या हाताने वाकवली की बाहेरच्या अंगाने कपच्या उडणार, हे ठरलेलं.

टोनेटचा उपाय म्हणजे लोखंडी पट्टी. कांडीच्या बाहेरच्या अंगाला पट्टी लावायची आणि दोन्ही टोकांना ती कांडीशी पक्की आवळायची. लोखंड ताणलं जात नाही, त्यामुळे बाहेरचं लाकूडही लांबू शकत नाही. सगळं वळण मग आतल्या बाजूच्या दबण्यातून निघतं. वरच्याच कांडीत पूर्ण वर्तुळाचा बाहेरचा घेर सुमारे १३३५ मिलिमीटर, आतला ११७८. म्हणजे आतल्या अंगाला १५७ मिलिमीटर लाकूड स्वतःतच दाबून घ्यायचं, जवळपास १२ टक्के. सोसण्याच्या हद्दीत. पट्टीशिवाय अशक्य, पट्टीने आरामात. माझ्या मते सगळी कंपनी या एका पट्टीवर उभी आहे.

कोणाला करून पाहायचं असेल तर:

लाकूड ताजं किंवा हवेत थोडंफार सुकलेलं हवं, २० ते २५ टक्के ओलाव्याचं. भट्टीत सुकवलेलं बाजारी लाकूड वाफेत दिवसभर ठेवलं तरी नीट वाकत नाही. गाठ नको आणि तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. तिरपे तंतू बाहेरच्या अंगाला कापले गेले असतील, तर तडा नेमका तिथून सुरू होतो. वाफेचा ढोबळ हिशोब जाडीच्या दर इंचाला एक तास. पेटीला भोक ठेवा, वाफ कोंडता कामा नये. बाहेर काढल्यावर हातात काही मिनिटंच असतात, त्यामुळे साचा, शिकंजे, पट्टी आणि दुसरा माणूस आधीच तयार पाहिजे.

बिघडतं ते दोन तऱ्हांनी. पट्टीची टोकं ढिली राहिली तर बाहेरून कपच्या उडतात. टोकं फार आवळली किंवा वळण फारच लहान घेतलं तर आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि लाकूड चेचतं. म्हणून टोकाच्या ठोकळ्याला सरकवता येणारा स्क्रू ठेवतात आणि वाकवताना ताण बघून किंचित सैल करतात. वाकवल्यावर लगेच साच्यातून काढाल तर कांडी उलगडते. पूर्ण सुकेपर्यंत साच्यातच. कारखान्यात साच्यासकट गरम खोलीत ठेवायचे.

एक सूचना: ओक किंवा बाभळीसारखं तुरट लाकूड ओलं असताना उघड्या लोखंडाला लागलं तर काळे डाग पडतात. मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला.

टिपणवही

पट्टीचं गणित पहिल्यांदाच कळलं, आभार. आपल्याकडे बीच होत नाही. मग भारतात काय वापरतात? सागाचं काय?

वाफारा

तुती. लाकडी हॉकी स्टिकचा वाकडा भाग वाफवून वाकवतात, तिथे तुतीच चालते. साग टिकाऊ खरा, पण इतक्या लहान वळणाला बीचइतका साथ देत नाही.

खिळेमोळे

वाफारा यांचं गणित बिनचूक आहे, पण श्रेय ते चुकीच्या पदरात घालताहेत. पट्टीची नक्कल पुढे सगळ्यांनी केली. टोनेटचं वेगळेपण हे की त्याने खुर्ची सुताराच्या हातून काढून घेतली, तीही स्वतः सुतार असून.

१४ नंबरचे भाग मोजा. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच वाकवलेली कांडी. पाठीची आतली कमान. बैठकीचं कडं. पुढचे दोन पाय. पायांना खालून बांधणारं कडं. झाले सहा. जोडायला १० स्क्रू आणि २ नट. एकही खाच हाताने बसवावी लागत नाही. नेहमीच्या खुर्चीत जोड बसवणं हेच कौशल्याचं आणि वेळेचं काम, तेच काढून टाकलं. आता लाकूड कातणारा, वाकवणारा, घासणारा, पॉलिश करणारा आणि वेत विणणारा असे वेगवेगळे हात पुरेत, आणि प्रत्येकाला आपलं एवढंच काम आलं तरी चालतं.

आता कारखान्याची जागा बघा. १८५६-५७ मध्ये व्हिएन्नात नव्हे, मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानीला. तिथे बीचचं रान होतं, वाहून आणायचा खर्च नाही, गावांतले शेतमजूर हाताशी, मजुरी कमी. बीच तोवर बहुतेक सरपणात जायचा, त्यामुळे स्वस्त. घासणं, पॉलिश आणि वेतकाम बायकांकडे होतं. पुढचे कारखानेही याच हिशोबाने: बिस्त्रित्सा, हालेनकोव्ह, व्सेतीन. म्हातारा १८७१ मध्ये वारला तेव्हा हे सगळं उभं होतं. ही सगळी गोष्ट "कल्पक कारागीर" म्हणून सांगतात, त्यात स्वस्त मजुरीचा वाटा गुलदस्त्यात राहतो. लेखात तो यावा.

तिसरं, खोका. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. जोडलेली खुर्ची साधारण ४३ बाय ५२ बाय ८४ सेंटिमीटर धरा, म्हणजे त्याच खोक्यात जेमतेम पाच. जहाजाचं भाडं जागेवर लागतं, तेव्हा खुर्चीमागे भाडं सातव्या हिश्श्यावर आलं. स्क्रू पिळायला पोचल्या गावी कोणीही चालतो. सपाट खोक्यातलं फर्निचर म्हणून ज्या स्वीडिश कंपनीचं कौतुक होतं, तिच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि नंबर. १८५९ च्या छापील पत्रकात २६ नमुने होते, प्रत्येकाला नंबर. कॅफेवाल्याने नंबर लिहून पाठवायचा. मोडलेला भागही तसाच मागवता येई, कारण साचा एकच. १९३० पर्यंत १४ नंबरच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या असं धरतात. वाकवण्याचं कौतुक जरूर करा, पण नुसत्या वाकवण्याने ५ कोटी होत नाहीत.

सरसकट

खिळेमोळे, एक भर. १८६९ मध्ये वाकवण्याचा एकाधिकार संपला. लगेच जेकब आणि जोसेफ कोन या बापलेकांची कंपनी जोरात पुढे आली, त्यांचाही एक कारखाना व्सेतीनलाच. आणखी डझनांनी कंपन्या निघाल्या. तरी टोनेट टिकला. तुमच्या म्हणण्याला हा पुरावाच झाला: युक्ती सगळ्यांच्या हातात गेल्यावरही जंगल, कारखाने, विक्रीची दुकानं आणि पत्रकातले नंबर त्यांच्याकडेच होते. १९१४ मध्ये कोन आणि मुंडुस ही दुसरी खुर्च्यांची कंपनी एकत्र आले आणि १९२० च्या दशकात टोनेट-मुंडुस असं एकच मोठं घर झालं. इतके दिवस झगडून शेवटी सोयरीक! पुढे मार्सेल ब्रॉयर या डिझाइनरच्या पोलादी नळीच्या खुर्च्याही टोनेटनेच बाजारात आणल्या. त्याही वाकवलेल्याच.

वेतकाम

इराण्यांच्या खुर्च्यांचं सांगतो.

"पोलंडहून आलेल्या" असं तिथे बहुतेक ठिकाणी सांगतात. यात तथ्य असू शकतं, कारण टोनेटचा आणि कोनचा प्रत्येकी एक कारखाना नोवो-रादोम्स्कला होता आणि ते गाव आज पोलंडमध्ये आहे. पण वाकवलेल्या लाकडाची प्रत्येक खुर्ची टोनेटची नसते. कोन, मुंडुस, फिशेल, सगळे जवळजवळ तोच नमुना काढत.

ओळखायचं असेल तर खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला दाबलेला ठसा किंवा कागदी चिठ्ठी शोधा. टॉर्च तिरपा धरा, पॉलिशच्या थराखाली अक्षरं उठून दिसतात. चिठ्ठीवर देशाचं नाव असेल तर काळ कळतो: चेकोस्लोव्हाकिया असेल तर खुर्ची १९१८ नंतरचीच, कारण आधी तो देशच नव्हता. स्क्रू पाहा. मूळचे एका सरळ खाचेचे असतात, चौफुलीचे दिसले तर ते मागाहून बदललेले. कागद नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. पाऊणशे वर्षं फडकं मारल्यावर कागद राहतोय कुठे!

नमुनाही बघा. १४ मध्ये पाठीची आतली कमान बाहेरच्या कमानीलाच बाजूंनी स्क्रूने धरलेली असते. आतली कमान खाली बैठकीवर येऊन टेकली असेल तर तो १८ नंबर किंवा त्याची नक्कल. लोक दोन्हींना १४ म्हणतात.

दुरुस्तीबद्दल दोन गोष्टी, कारण अशा खुर्च्या दुरुस्तीतच जास्त मरतात.

डुगडुगायला लागली की लोक खिळे ठोकतात. बीचला खिळ्याने तडा जातो आणि पुढे तो भाग कायमचा गेला. खरं कारण बहुधा साधं असतं: पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, स्क्रूचं भोक मोठं होतं. जाडा स्क्रू घालू नका. भोक साफ करून त्यात लाकडाची खुंटी डिंकाने बसवा, सुकू द्या, नवीन बारीक भोक पाडून पूर्वीच्याच मापाचा स्क्रू घाला. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर सोल्डरिंगची सळी दोन मिनिटं त्याच्या डोक्यावर टेकवा, मग पिळा. सगळे स्क्रू एकदम शेवटपर्यंत पिळायचे नाहीत. सपाट फरशीवर ठेवून आधी मागच्या पायांचे बोल्ट अर्धे, मग पुढचे पाय, मग खालचं कडं, आणि खुर्ची चारी पायांवर टेकली की सगळे पुरते. पहिलाच बोल्ट आवळून टाकला तर एक पाय उचललेला राहतो.

वेताचं माप भोकांवरून ठरतं. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर अर्धा इंच असेल तर सव्वादोन मिलिमीटर रुंदीचा वेत, पाच अष्टमांश इंचाला अडीच, पाऊण इंचाला तीन. जाड वेत बारीक भोकांत कोंबला तर शेवटच्या तिरप्या फेऱ्या जातच नाहीत. वेत कोमट पाण्यात १५-२० मिनिटं पुरे. रात्रभर भिजत घातला तर काळवंडतो आणि वरची साल सुटते. विणायच्या सहा फेऱ्या: उभी, आडवी, पुन्हा उभी, मग आडवी पण वर-खाली गुंफत, मग दोन तिरप्या. शेवटी भोकं झाकायला कडेची पट्टी. ओला असताना फार ताणू नका, सुकताना तो स्वतःच आवळतो. वेताच्या चकचकीत सालीवर वार्निश थापू नये. ते तिथे धरत नाही, पापुद्रे निघतात.

टिपणवही

उत्तम. शेवटचं एक. बऱ्याच खुर्च्यांना वेताऐवजी प्लायवूडची, भोकांची नक्षी पाडलेली बैठक दिसते. ती इथे बसवलेली समजायची ना?

वेतकाम

लगेच तसं समजू नका. नक्षी दाबलेल्या किंवा भोकं पाडलेल्या प्लायच्या बैठका टोनेट आणि कोन दोघेही १९ व्या शतकातच विकत होते. हॉटेलवाल्याला त्या सोयीच्या, वेत फाटायची कटकट नाही. कड्याच्या आतल्या कडेला बघा. प्लाय बसायला कारखान्यात कातलेली सलग पायरी असेल आणि वेताची भोकं नसतील तर बैठक मूळची तशीच. कड्याला गोल भोकांची रांग आहे आणि वरून प्लाय ठोकलाय, तर ती वेताचीच खुर्ची. खिळे अलगद काढा, भोकांतला जुना वेत आणि रंगाचा गाळ खिळ्यानेच टोकरून काढा. ड्रिल फिरवू नका, भोकाची कड तुटते आणि मग वेत तिथेच कापला जातो.